लोण्याच्या खोलीतला सर्वर

नोकरीतले किस्से गोळा करावे लागत नाहीत. पंख्याच्या पात्यावर धूळ बसते तसे ते आपोआप बसतात, आणि निवृत्तीनंतर पंखा थांबला की दिसायला लागतात. माझा पंखा मुरुम गावच्या एका दूध संघात फिरला, आवक-जावक टेबलावर. कागद यायचा, मी शिक्का मारायचा, कागद जायचा. कुठं जायचा, ते विचारायची पद्धत नव्हती.

माझ्या शेवटच्या वर्षांत संघात सर्वर आला. गावोगावच्या संकलन केंद्रांत मशीन दुधाचं माप आणि फॅट मोजणार आणि आकडा थेट आमच्याकडं येणार! सर्वरला थंडावा लागतो, म्हणून त्याला लोणी ठेवायची जुनी खोली मिळाली. लोणी गेलं, वास राहिला. आत हिरवे-निळे दिवे लुकलुकायचे, मशीन एका सुरात घुमायचं. दार लावलं की बाहेर मुरुम आहे, ऊन आहे, एसटी स्टँड आहे, याचा विसर पडायचा.

ही खोली सांभाळायचा इरफान. मुरुमचाच. पुण्यातली नोकरी सोडून आईसाठी परत आलेला इंजिनिअर. आमचे एमडी साहेब धाराशिवहून महिन्यातून एकदा यायचे आणि जाताना दम देऊन जायचे, "आणखी एकदा सर्वर बंद पडला, की मशीन पुण्याला भाड्याच्या जागेत. आणि मशीनबरोबर तुम्हीही!" तसा प्रस्ताव करून त्यांनी फाइल पुढं पाठवायला माझ्या टेबलावर देऊनही ठेवली होती.

इरफान मला म्हणायचा, "काका, अम्मी मुरुम सोडत न्हाय, आणि मी अम्मीला."

* * *

एप्रिल लागला की संचालक मंडळाला सर्वरची फार काळजी वाटायची. दुपारचं जेवण झालं की एकेक जण पाहणीला आत. अध्यक्ष अण्णा तर उशी घेऊन पाहणी करायचे!

शेवटी इरफाननं धीर केला. "अण्णा, माणसाच्या अंगाला ऊब असते. पाच-पाच जण झोपले की मशीन तापतं. तापलं की बंद पडतं. बंद पडलं की मी पुण्याला."

अण्णा गंभीर झाले. "खरं हाय तुझं. पाच जण म्हंजे लईच झाले."

दुसऱ्या दिवशी दारावर संचालकांच्या झोपेच्या पाळ्यांचा तक्ता लागला. रोज एक जण. शुक्रवार मोकळा. का, तर मशीनला विश्रांती!

* * *

त्यातल्याच एका शुक्रवारी मी आत जरा टेकलो. लोण्याचा वास, गार हवा, ती घुमघुम. डोळा लागला. स्वप्नात आमच्या बेनितुरा नदीच्या काठानं किटल्या घेतलेली माणसं उभी होती. रांगेला शेवट दिसत नव्हता. वर चांदणं, खाली चांदणं, आणि कुणालाच घाई नव्हती.

जागा झालो तर इरफान समोर. "काका, तुमचा आणि मशीनचा सूर एकच लागला होता. मला कळंना, दोघांत बिघडलंय कोण!"

* * *

अकाउंट्सच्या मंगलताई शिस्तीच्या. इरफाननं त्यांना विचारलं, "ताई, पासवर्ड कुणाला सांगितला न्हाय ना?"

"छे! फक्त आमच्या सेक्शनला. आणि कॅन्टीनच्या पाटलांना. ते विसरत नाहीत."

इरफाननं कपाळाला हात लावला आणि पासवर्डच काढून टाकला. बोटाचा ठसा ठेवला. मंगलताईंनी चार दिवस बोट टेकवलं. पाचव्या दिवशी रजेचा अर्ज घेऊन त्याच्याकडं गेल्या.

"आता सांगा, रजेवर जाताना बोट इथं ठेवून जाऊ का?"

* * *

फसव्या ईमेलला आपले लोक किती भुलतात, हे बघायला इरफाननं स्वतःच एक फसवी मेल सगळ्यांना पाठवली. "इथं क्लिक करा आणि बक्षीस मिळवा."

आठवडा गेला. एकानंही क्लिक केलं नाही! इरफानची छाती फुगली. एमडी साहेबांना फोन करून सांगणार, एवढ्यात मी त्याला माझ्या टेबलाशी नेलं. मेलची छापील प्रत, मागं टिपणी, आणि टिपणीखाली ओळ : "क्लिक करण्यास मान्यता असावी."

पुढच्या सोमवारी मान्यता आली. मग सगळ्यांनी क्लिक केलं. सेवाज्येष्ठतेप्रमाणे!

* * *

सकाळचं दूध सगळीकडं एकाच वेळी येतं. म्हणजे सगळ्या गावांचे आकडे सर्वरवर एकदमच आदळायचे आणि त्याला धाप लागायची. इरफाननं केंद्रचालकांची बैठक घेतली. म्हणाला, एकामागं एक पाठवा.

"आमचं गाव त्यांच्या मागं?" एक जण उठला.

"मग काय आमी तुमच्या मागं?" दुसरा उठला.

बैठक संपली तेव्हा तिसरा चौथ्याची कॉलर धरून होता.

इरफान दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. तिसऱ्या दिवसापासून सगळं सुरळीत! गावं शहाण्यासारखी थांबत होती, आकडे एकेक करून येत होते. मी एका केंद्रावर जाऊन स्क्रीन बघितला. त्यावर लिहिलं होतं : "कृपया थांबा. तुमचाच नंबर पहिला."

प्रत्येक गावाला तेच लिहून येत होतं.

* * *

आणि मग ती सकाळ. एमडी साहेबांच्या भेटीचा दिवस. त्यांची गाडी धाराशिवहून निघालेली. मी शिक्क्याला शाई लावत होतो. इरफान दारात आला, तोंड उतरलेलं.

"काका, हल्ला झालाय."

त्याच्या स्क्रीनवर जगाचा नकाशा होता. समुद्रापलीकडून, ज्यांना आमचा उमरगा तालुकासुद्धा ठाऊक नसेल अशा देशांतून उजेडाचे ठिपके उठत होते, सावकाश वाकत होते आणि मुरुमवर उतरत होते. खरं सांगतो, मला ते फार सुंदर वाटलं.

"हजारो कॉम्प्युटर एकदम हाका मारतायत," इरफान म्हणाला. "काम कुणाचंच न्हाय. नुसती गर्दी करून आपल्याला पाडायचं."

"कशापायी?"

"देव जाणे! तिकडं गावात दूध काट्यावर हाय, इकडं साहेब रस्त्यात."

तो बसला. मग एकदम हसला आणि कोपऱ्यातला एक जुना कॉम्प्युटर ओढून सर्वरच्या पुढं जोडला. ओळखीच्या गावांना आत सोडायचं. बाकी कुणाचीही हाक आली की केंद्रांवरचं तेच एक वाक्य म्हणायचं. एवढंच त्याला काम.

ठिपके येत राहिले, पण आता मुरुमच्या वेशीवर थांबू लागले. एकाच्या मागं एक. मला बेनितुरेचा काठ आठवला. मशीन पुन्हा एका सुरात घुमू लागलं. गावांचे आकडे आत आले.

अण्णा आज सकाळीच उशी घेऊन डोकावले. "कोण आलंय रं?"

"सगळं जग आलंय, अण्णा. लायनीत हाय."

"मग चहा सांगा की!"

तेवढ्यात एमडी साहेब आले. सर्वर चालू बघून थोडे हिरमुसले. म्हणाले, "आज चालला, उद्याचं काय?" मग माझ्याकडं वळले. "काय हो, मशीन पुण्याला हलवायची ती फाइल? किती दिवस झाले देऊन! कुठं आहे?"

इरफाननं मान खाली घातली. मी उभा राहिलो.

"आहे ना, साहेब. थोडं थांबा. तिचाच नंबर पहिला!"