परिचय जरा लांबला

नाशिकच्या आमच्या वाचनालयात मी कित्येक वर्षं आभार मानत असे. कृतज्ञ स्वभावाशी त्याचा काही संबंध नव्हता, ते काम माझ्याकडे होतं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट सभागृह होतं आणि तिथे मोठ्या माणसांसाठी सतत काही ना काही चालायचं. सकाळी योगासनं, कधी प्रथमोपचाराचा वर्ग, कधी शब्दकोड्यांची स्पर्धा, आणि महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी वाचक-कट्टा. कट्ट्यावर वाचनालयाचाच एखादा सभासद आपल्या वाचनाविषयी बोलायचा. त्याच्या शेवटी मी.

आभार मानणाऱ्याचं दुःख ज्याचं त्यालाच माहीत. आपल्याकडे ‘आभार’ हा शब्द माईकवर उमटला की श्रोते पायानं खुर्चीखालच्या चपला चाचपू लागतात. मी ‘सर्वप्रथम’ म्हणेपर्यंत पुढच्या दोन रांगा जिन्यात गेलेल्या असत. खाली चहा आणि भेळभत्ता असे ना! एकदा मी वक्त्यांचे अगदी मनापासून आभार मानले, मान वर केली, तर वक्तेही नव्हते. सतरंजीवाला तेवढा उभा होता आणि मी ज्या कोपऱ्यावर उभा होतो तोच कोपरा त्याला गुंडाळायचा होता.

अशातच एकदा ग्रंथपालांनी मला बोलावलं. एसटीडीचे पिवळे बूथ गल्लोगल्ली झाले होते आणि मोबाईल अजून खिशात यायचे होते, त्या काळातली ही गोष्ट.

“या महिन्यात परिचय तुम्ही करून द्या,” ते म्हणाले. “नेहमीचे गृहस्थ मुलीकडे पुण्याला गेलेत.”

परिचय! म्हणजे कार्यक्रमाच्या सुरुवातीला, सगळे जागेवर असताना!

“किती वेळ बोलू?”

“नाव सांगा, नोकरी सांगा आणि खाली बसा,” ते म्हणाले. ते मला ओळखून होते, तरीही त्यांनी मला हे काम दिलं. म्हणून मी थोडासा दोष त्यांनाही देतो.

वक्त्या होत्या एक टेलिफोनवाल्या बाई. सगळा जन्म एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेलेला. एसटीडी आल्यावर ते काम संपलं आणि बाई निवृत्त होऊन रोज वाचनालयात येऊ लागल्या. सडपातळ, चष्मा नाकावर खाली आलेला, आणि दुसरा बोलत असताना मान जराशी उजव्या कानाकडे कललेली. आजवर त्या कट्ट्यावर एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी उदार मनानं म्हटलं, “एकदा माझ्यापुढे बोलून बघा. तेवढीच तालीम.” माझा स्वतःचा बोलण्याचा अनुभव रिकाम्या खुर्च्यांपुढचा, पण सल्ला द्यायला तेवढा पुरतो.

दुपारी वृत्तपत्रांच्या खोलीत आम्ही बसलो. तिथे एकच गृहस्थ होते आणि ते अग्रलेखाखाली झोपले होते.

“मला काही फार सांगायचं नाही हो,” बाई म्हणाल्या. “सगळी नोकरी दुसऱ्यांचं ऐकण्यात गेली. ‘हॅलो हॅलो, ऐकू येतंय का,’ हेच ऐकत आले. घरी यजमान. तेही आमच्याच खात्यात सुपरवायझर होते. नियमाचे पक्के. मी एक वाक्य सुरू केलं की दुसरं ते बोलतात. एकदा तरी कुणीतरी माझं ऐकावं, मधे न बोलता. यजमान पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्यांच्यासमोर सांगायचंय.”

“काय सांगायचंय?”

“की मी ड्यूटीवर कादंबऱ्या वाचायचे.”

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की मी दरवाजा बंद आहे ना ते पाहिलं.

मग त्यांनी तो किस्सा सांगितला. बोर्डावर जरा शांतता होती. बाईंच्या मांडीवर रहस्यकथा. नायिकेनं दुधाचा पेला उचललेला, दुधात विष, तिला ते माहीत नाही आणि बाईंना माहीत. नेमका त्याच क्षणी लासलगावच्या एका कांदा-व्यापाऱ्याचा कलकत्त्याचा कॉल लागला. बाईंनी जोडणी केली आणि ‘बोला’ म्हणायच्या ऐवजी त्यांच्या तोंडून गेलं, “दूध पिऊ नका!”

“अरे बाप रे! मग?”

“मग काय! तिकडून हळूच आवाज आला, ‘बाई... माझ्या हातात दूध हे, ते तुमाला कसं दिसलं?’”

मी खुर्चीतून पुढे सरकलो. “पुढे?”

“पुढचं शनिवारी,” बाई म्हणाल्या आणि चष्मा वर सरकवून निघून गेल्या.

त्या शनिवारपर्यंत मला चैन नव्हतं. व्यापाऱ्याचं कळायला मार्ग नव्हता, निदान नायिकेचं तरी कळावं म्हणून बाईंना कादंबरीचं नाव विचारून घेतलं. आमच्या वाचनालयात तिची एक जुनी, पुठ्ठा सुटलेली प्रत निघाली. घरी न्यायला कार्डावर जागा नव्हती, म्हणून ती दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये अशा ठिकाणी ठेवली आणि रोज संध्याकाळी उभ्यानं वाचत राहिलो. तशी एक जागा माझ्याकडे होती. तिच्याविषयी पुढे येईलच, मी न सांगताही.

शनिवारी सभागृह भरलं. यजमान कडक इस्त्रीच्या सफारीत पहिल्या रांगेत. त्यांच्या मागे आमची ही. “लवकर आटपा, मला भेळभत्ता मिळाला पाहिजे,” असं तिनं घरूनच बजावलं होतं. समई लागली, पुष्पगुच्छ झाला आणि मी माईकपुढे उभा राहिलो.

समोर चेहरे होते. मला चेहऱ्यांची सवय नव्हती, मी आजवर पाठीच बघितलेल्या. एवढे डोळे आपल्याकडे लागलेत म्हटल्यावर माझं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. “वक्त्यांना परिचयाची गरज नाही,” असं मी म्हणालो, आणि मग सुरूच झालो. बाईंची नोकरी सांगितली. हेडफोन कसा असायचा ते हातवारे करून सांगितलं. लोक हसले. माणसाला एकदा हसू मिळालं की तो वाईट वागतो. मी कादंबरी बाईंच्या मांडीवर ठेवली, विष दुधात घातलं, लासलगावहून कलकत्त्याला कॉल लावला, आणि टिपेच्या आवाजात ओरडलो, “दूध पिऊ नका!”

सभागृह खदखदून हसलं. यजमानांच्या कपाळावर मात्र एक आठी आली आणि तिच्यापाठोपाठ दुसरी. बाई माझ्याकडे बघत होत्या, मान उजव्या कानाकडे कललेली.

मी खरं तर तिथे थांबलो असतो. शपथ! पण मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “मग पुढे काय झालं?”

पुढचं मला ठाऊक नव्हतं. पण हातातले चेहरे सोडवेनात.

“पुढे,” मी आवाज खाली आणला, “व्यापाऱ्यानं पेला खाली ठेवला. घरातलं मांजर आलं. त्यानं दूध चाटलं. आणि मांजर जागच्या जागी आडवं झालं!”

“अगं बाई!” असा एक उद्गार सभागृहभर गेला. मग टाळ्या. “एका फोनवर एका माणसाचा जीव वाचवणाऱ्या अशा या बाई,” असं म्हणून मी खाली बसलो. पुढच्या रांगेतल्या एक आजी गहिवरून बाईंच्या पाया पडायला निघाल्या, पण बाई वयानं बऱ्याच लहान आहेत हे अर्ध्या वाटेत लक्षात येऊन तिथेच घोटाळल्या. मी हिच्याकडे विजयानं बघितलं. ती डोक्याला हात लावून बसली होती.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बाई माईकपाशी उभ्या होत्या आणि त्यांच्याजवळ सांगण्यासारखं मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. एवढ्या वर्षांत एकदा बोलायचं होतं त्यांना, आणि ते मीच बोलून बसलो होतो, तेही मांजर मारून.

बाईंनी चष्मा वर सरकवला.

“माझं भाषण आत्ताच झालं,” त्या म्हणाल्या. “छान झालं. मलाही आवडलं. आता परिचय तेवढा राहिलाय. तो मी करून देते. यांचा.”

मी खुर्चीत सावरून बसलो. अजूनही मला वाटत होतं की चांगलं काहीतरी येईल.

“हे गृहस्थ आपल्या सकाळच्या योगवर्गाला येतात. शवासन त्यांना इतकं उत्तम जमतं, की बाकीचे सूर्यनमस्कार घालतात तेव्हाही त्यांचं घोरणं चालू असतं.”

हसण्याची पहिली लाट आली.

“प्रथमोपचाराच्या वर्गात रुग्ण कोण होणार म्हटल्यावर हेच पुढे आले. डोक्याला पट्टी, हात झोळीत. वर्ग सुटला, पण यांनी पट्टी काही सोडली नाही. तसेच सिडकोच्या बसमध्ये चढले आणि कण्हले. एका बाईनं उठून यांना जागा दिली. ती बाई मी.”

“अहो बाई,” मी अर्धवट उठलो, “ते जरा निराळ्या परिस्थितीत...”

“तीन मिनिटं झाली!”

त्या आवाजात काय होतं म्हणून सांगू! सपाट, नाकातला, किंचित लांबवलेला. ट्रंक कॉल तीन-तीन मिनिटांचे असत, आणि ऐन मुद्द्यावर आलं की मधेच हा आवाज येई. सभागृहातल्या प्रत्येकानं कधी ना कधी सोयरिकीचं, बाळंतपणाचं, कांद्याच्या भावाचं बोलणं त्या आवाजापायी अर्ध्यावर गिळलेलं होतं. सगळं सभागृह एकदम फुटलं. आणि मी? मी मुकाट्यानं खाली बसलो. लाईन तुटली की काय करणार?

“आणि नव्या रहस्यकथा,” बाई शांतपणे पुढे म्हणाल्या, “दुसऱ्या कुणी नेऊ नयेत म्हणून हे आयुर्वेदाच्या कपाटात लपवतात, वरच्या कप्प्यात, काढ्यांच्या मागे. मला त्याची फार सोय होते. मी तिथून नवी नेते आणि माझी वाचून झालेली तिथे ठेवते.”

तरीच! ‘हे आपण वाचलंय की काय’ असं मला मधूनमधून वाटायचं, ते यामुळे.

“आता मांजराचं. मांजर ठणठणीत होतं. दुधात साखरेशिवाय काही नव्हतं. पण त्या व्यापाऱ्यानं ते प्यायलं नाही. पुढे कितीतरी दिवस दूध तो मांजराला घालत राहिला. मग एक दिवस स्वतः एक्स्चेंजमध्ये आला, कांद्याची पिशवी घेऊन. मांजर म्हणे एवढं माजलं होतं की गादीवरून उठेना. म्हणाला, ‘बाई, लय इचार केला. तेवढं सांगा, दूध का नाय प्यायचं?’ आता ड्यूटीवर कादंबरी वाचत होते असं सांगू कशी? मी म्हटलं, ‘नियम आहे. ट्रंक कॉलवर बोलताना काही खायचं-प्यायचं नाही. लाईन खराब होते.’”

लोक आधीच डोळे पुसत होते.

“तो समाधानानं गेला आणि बाजारभर सांगत सुटला. तेव्हापासून लासलगावात आडत्यांच्या गादीवर फोन वाजला, की आधी सगळे चहाचे कप खाली ठेवायचे. काही जण बशी झाकायचे. कलकत्त्याचा फोन असेल तर पानसुद्धा थुंकून यायचे.”

पहिल्या रांगेत सफारी ताडकन उठली. “पण असा नियम कधीच नव्हता!” यजमान ओरडले. “खात्याच्या कुठल्याही...”

“तीन मिनिटं झाली,” बाई म्हणाल्या.

यजमान बसले. अगदी माझ्यासारखेच बसले. त्यानंतर बाई हवं तेवढं बोलल्या आणि कुणीही मधे बोललं नाही. अशी शांतता त्या सभागृहात मी शवासनातही ऐकली नव्हती, अर्थात तेव्हा मी झोपलेला असे. शेवटी त्यांनी स्वतःच “आभार” म्हटलं, आणि कुणीही चपला शोधल्या नाहीत. हे मला जरा लागलं.

खाली चहाला यजमान कप हातात धरून उभे होते. मग बाईंकडे वळून, रिपोर्ट लिहिताना विचारावं तसं म्हणाले, “ड्यूटीवर कादंबरी.”

“हो.”

“माझ्या शिफ्टमध्ये?”

“तुमच्याच.”

यजमानांनी एक घोट घेतला. “मग त्या पोरीनं ते दूध प्यायलं की नाही?”

बाई हसल्या. “सांगणार नाही. वाचा.”

यजमानांनी ग्रंथपालांना गाठलं. ते आजवर वाचनालयात आले ते बायकोला न्यायला, पुस्तक न्यायची ही पहिली वेळ. ग्रंथपाल कपाटाशी जाऊन आले. “जागेवर नाही,” ते म्हणाले. ते यजमानांना म्हणाले खरे, पण बघत होते माझ्याकडे. आजूबाजूचे सगळेच माझ्याकडे बघत होते. आता पुन्हा चेहरे, पण मला ते नको होते.

मी जिना चढून वर गेलो, आयुर्वेदाच्या कपाटात काढ्यांमागे हात घातला आणि पुठ्ठा सुटलेली ती कादंबरी आणून यजमानांच्या हातात ठेवली. एव्हाना ती मी शेवटापर्यंत उभ्यानं वाचली होती. यजमान पहिलं पान उघडून चष्मा शोधत होते. मला राहवेना.

“उत्तम कादंबरी आहे,” मी म्हटलं. “ते विष घालणारा म्हणजे...”

“तीन मिनिटं झाली!”

मी बाईंकडे वळून पाहिलं. त्यांचं तोंड भेळभत्त्यानं भरलेलं होतं. तो आवाज आमच्या हिचा होता. पहिल्याच प्रयत्नात हुबेहूब जमला होता, आणि तो आमच्या घरी आजतागायत चालू आहे.