एका विहिरीत एकच दोर

पंचफुला माझी थोरली जाऊ, मी धाकटी. तिच्याबद्दल चांगलं बोलायचं तर आधी दोन टोमणे मारून घेतो, नाईतर मले घास उतरत नाई. बाई उंच, हडकुळी, अन् आवाज असा की पोळ्यातल्या बैलानं झूल टाकून पळावं. नवऱ्याशी तिचं कधी भांडण झालं नाई, कारण माझे भासरे वर्षातून दोनदाच बोलत: एकदा पोळ्याले अन् एकदा कोणी मेलं की. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ही बाई जाऊन विहिरीत वाकून पाहे. मी म्हणत जाय, "बाई, आधी नवऱ्याचं तोंड तरी पाहत जा."

तर म्हणे, "त्याचं तोंड कालच्यासारखंच हाय. पानी रोज बदलते."

विहीर आमच्या मोहल्ल्याची. आमच्या सासऱ्यानं अन् मोहल्ल्यातल्या गड्यांनी खणलेली. गावच्या मोठ्या विहिरीले तवा आम्हाले हात लावू देत नसत. दूर उभं राहायचं, वरच्या आळीतल्या एखादीच्या मनात आलं की ती वरून आमच्या पाण्याच्या गुंडात धार सोडे. सासरे म्हणाले, आपलं आपण खणू. पळसाजवळ खडक फोडत गेले. तळाशी एक काळा गोटा लागला, तो काही केल्या फुटला नाई. तसाच राह्यला, अन् त्याच्याच बगलेतून झिरा लागला. मरायच्या आधी सासऱ्यानं पंचफुलेले जवळ बसवून सांगितलं, "गोट्याच्या खाली पानी जाऊ देऊ नको. तळाचा गाळ ढवळला का झिऱ्याचं तोंड बुजते. मंग रडून गुंड भरा लागन."

मी बी तिथंच बसलो होतो. मी ऐकलं, मान हलवली अन् विसरलो. हिनं पदराले गाठ मारली.

नागपूरले जाऊन आम्ही दीक्षा घेतली, त्याच्या तिसऱ्या सालची ही गोष्ट. मागचा पावसाळा आमच्या भागात नावालेच आलता. होळीच्या आधी नाला गेला, चैतात गावची मोठी विहीर आटली. आमच्या विहिरीत तेवढं पाणी होतं, अन् त्याच्यावर पंचफुला बसली होती. तिचा कायदा असा: माणशी एक गुंड, सकाळी. काळ्या गोट्यानं डोकं काढलं की बंद. मग दिवसभर विहिरीले निजू द्यायचं. अन् दोर एकच. मोहल्ल्यात ज्याचा त्याचा दोर होता, ते सगळे तिनं गोळा करून घरात खुंटीले टांगले.

"धा दोर उतरले का कोनी किती ओढलं, समजत नाई," ती म्हणे. "एक दोर, एक रांग, एक भांडन."

रांग संपली की दोर अन् विहिरीचं चाक दोन्ही घरी घेऊन येई. मी म्हणलं, "उशाले घे आता." तर काय, घेतच होती की!

एका सकाळी देवकाबाई आली. वरच्या आळीची, दुकानवाली. काखेत पितळेचा गुंड अन् खांद्यावर कोरा दोर.

"पंचफुले, पानी पाहिजे वो."

"घ्या ना. रांगेत या."

"दोर मी आनला हाय."

"तो घरी ठेवा, गाय बांधाले कामी येईन. या विहिरीत एकच दोर उतरते."

देवकाबाईनं आमच्या दोराकडं असं पाह्यलं जसा काही साप टांगला. "काऊन? माह्या दोरानं तुह्यी विहीर बाटते?"

आता हे देवकाबाईनं इचारावं! रांगेतल्या सगळ्या बायांनी पदर तोंडात कोंबला. पंचफुला हसली नाई. म्हणाली, "बाटत नाई बाई. आटते."

देवकाबाई रिकामा गुंड घेऊन फणकाऱ्यानं गेली. मले तर उकळ्या फुटत होत्या. मी म्हणलं, "बाई, आता आली ना, तर तिले दूर उभी कर. वरून धार सोड. फिटू दे सगळं."

तिनं माझ्याकडं पाह्यलं. "मंग मामंजीनं विहीर काऊन खनली, कमळे?"

मी गप्प बसलो. मी गप्प बसण्याची गोष्ट गावात बरेच दिवस सांगत होते.

दोन दिवसांनी देवकाबाई आली, रांगेत उभी राह्यली अन् आमचाच दोर धरला. दुकानात तराजू धरायचे हात, सोलून निघाले. शेवटले दोन हात पंचफुलेनं लावले.

पण देवकाबाईचा पोरगा हिरालाल, त्याचं दुखणं वेगळं होतं. त्याची संत्र्याची बाग वाळून राह्यली होती. हौसेनं वर्ध्याहून इंजिन आणलंतं, पण त्याच्या विहिरीत ओढाले काही नव्हतं. बिचारा हात जोडून आला.

"काकू, एक दिवस इंजिन लावू द्या. बहाराले आलेली झाडं हायत वो."

"झाडं मले बी दिसतात, बाबू. पन तुह्यं इंजिन एका दुपारात गोट्याच्या खाली जाईन. मंग झाडं बी जातीन अन् मानसं बी."

"एकदाच म्हनतो मी."

"एकदा म्हनजे पहिल्यांदा," पंचफुला म्हणाली.

हिरालाल निघून गेला, पण ते शब्द त्यानं ध्यानात ठेवले. कारण पुढं होतं आमच्या गुलाबचं लग्न.

गुलाब पंचफुलेची एकुलती पोरगी. हिंगणीच्या बापूरावांच्या पोराशी तिचं दिवाळीतच जमलंतं, वैशाखी पौर्णिमेचा दिवस धरला होता. तवा कोणाले माहीत होतं का वैशाखात विहीर अशी होईन! वऱ्हाड म्हणजे शंभरावर माणूस, त्यांचे बैल, सैपाक, आंघोळी. हिरालाल पारावर बसून सांगत सुटला, "पाहू ना आता. सोताच्या पोरीच्या लग्नाले किती दोर उतरतात ते. मंग माह्यं इंजिन बी उतरते."

झालं! हिनं पोरीसाठी कायदा मोडला, की दुसऱ्या दिवशी इंजिन विहिरीवर. अन् नाई मोडला, तर मांडवातून वऱ्हाड तहानलेलं जाणार, पोरगी जन्मभर बोलणी खाणार. मोहल्ल्यातले गडी समजावाले आले. भासरेसुद्धा बोलले, पोळा नसताना अन् कोणी मेलं नसताना: "एका दिवसानं काय होते?"

"हिरालालनं बी एकच दिवस मांगितला होता," पंचफुला म्हणाली. भासरे जे मिटले ते थेट पोळ्याले उघडले.

गुलाब मात्र आईचीच पोर. दारातून ओरडली, "माय, तू विहिरीचंच लग्न लाव! मी बसतो रांगेत!"

दुसऱ्या दिवशी पंचफुला मले घेऊन हिंगणीले निघाली. काय बोलणार आहे ते सांगितलं नाई. मले वाटलं, तारीख पुढं ढकलत असन. बापूरावांच्या ओसरीवर बसलो. पोराचा मामा चिंधू बी तिथंच होता, मिशांना पीळ देत. नव्या धर्मात आमचं बाशिंग सुटलं, हळद सुटली, पण मामाचा मान काही सुटला नव्हता.

पंचफुला म्हणाली, "वऱ्हाड आना. मानपान सगळा करतो. पन पानी घेऊन या."

चिंधू मामाचा हात मिशीवरच राह्यला. "काय आनू?"

"पानी. तुमच्याकडं बोर नदीच्या डोहात हाय. आमच्याकडं नाई."

"पानी घेऊन कुठलं वऱ्हाड जाते व बाई? उद्या म्हनशीन, भाकरी बी आना!"

"भाकरी हाय. ज्वारी मागच्या सालची ठेवली हाय मी."

"अन् तुह्यी ती नावाजलेली विहीर? ती काय पाहाले ठेवली?"

"हो," पंचफुला म्हणाली. "मिरगापर्यंत पाहालेच ठेवली."

चिंधू मामा तट्टकन उठला. बापूराव म्हातारा माणूस, इतका वेळ खाली पाहत होते. त्यांनी हळूच इचारलं, "अन् नाई आनलं, तर?"

"तर माह्या घरच्या मानसांच्या वाट्याचं पानी साचवून ठेवतो. तेवढ्यात जेवढे जेवतीन तेवढे या. पोरगी मी मांगं घेत नाई, दादा. पन गोटा उघडा पडू देत नाई. त्या विहिरीवर आता सारं गाव हाय."

बापूराव म्हणाले, "पाहतो." बस, तेवढंच. ना हो, ना नाई.

येताना रस्ताभर मी बडबडलो, ती मुकी. सेलूचं वळण लागलं तशी म्हणाली, "कमळे, पोट्टीचं तोंड उतरलं वो." अन् पदरानं नाक पुसलं. मी म्हणलं, "मंग उतर ना थोडी तू बी!" तिनं मान हलवली अन् भराभरा पुढं चालाले लागली. माझे पाय तिच्या पायाले पुरत नसत, तवाही अन् आजही.

मग घरात पाणी साचवणं सुरू झालं. आंघोळ बंद. भांडी राखेनं घासायची अन् फडक्यानं पुसायची. भासऱ्यांच्या जवळ तर बैलही उभा राहीना. हिंगणीहून निरोप काही आला नाई.

लग्नाचा दिवस उजाडला. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, मधी पांढरा कपडा, गुलाब पांढऱ्या लुगड्यात बसलेली. उन्ह चढलं, रस्त्यावर कोणी नाई. विहिरीवर रांग सरत आली होती अन् गोट्यानं डोकं काढलं. हिरालाल तिथंच उभा होता, दोन-चार जणांना घेऊन. सारे पंचफुलेकडं पाहून राह्यले.

पंचफुलेनं वाकून पाह्यलं. मग सगळ्यांसमोर, पोरीच्या लग्नाच्या दिवशी, दोर वर ओढला, गुंडाळला, चाक काढलं अन् घराकडं निघाली. दारात गुलाब उभी होती. मायलेकी एकमेकींकडं पाहत राह्यल्या. मले वाटलं, आता पोरगी ओरडते. पण ती बाजूले सरली अन् आईले दोर टांगाले वाट दिली.

तेवढ्यात धूळ दिसली. आधी बैलांच्या गळ्यातल्या घंटा, मग धडाडधूम, धडाडधूम, जसं काही ढगच बैलबंडीत घालून आणले. पुढं माणसांच्या बंड्या अन् मागं तीन बंड्या डांबराच्या पिंपांच्या! सडकेच्या कामावरचे रिकामे पिंप पडले होते, ते धुऊन बोरच्या डोहातून भरून आणले. सगळ्यात मोठ्या पिंपाले मिठी मारून चिंधू मामा बसलेला, धोतर काळंकुट्ट.

"बाई व!" तो दुरूनच ओरडला. "तुह्या विहिरीची सवत आनली! कुठं उतरवू?"

मोहल्ला हसून लोटपोट झाला. पंचफुला हसता हसता खालीच बसली. तिले तसं बसलेलं मी आधी कधी पाह्यलं नव्हतं.

आंघोळी झाल्या, जेवणं झाली. भाताले डांबराचा वास, वरणाले डांबराचा वास, नवरदेवाच्या पांढऱ्या कोटावर मागच्या बाजूले हातभर काळा पट्टा. मी आजही त्याले सडक-जावईच म्हणतो, अन् तो आजही चिडतो. देवकाबाई पंगतीत जेवली. हिरालालही जेवला, खाली मान घालून. उठला तशी पंचफुला त्याले म्हणाली, "एका पिंपात पानी उरलं हाय, बाबू. ने झाडाले." तो बैल आणाले पळाला. बाग काही सगळी वाचली नाई. बांधाकडली थोडी झाडं तगली. त्यांची संत्री त्यानं पुढं आमच्या घरी आणली तवा मी सोलून हुंगली अन् म्हणलं, "वास येतेच हो हिरालाल!" तोही हसला. इंजिनाचं नाव मात्र त्यानं मिरग बरसेपर्यंत काढलं नाई.

दिवस कलला तशा बंड्या जुंपल्या. गुलाब सगळ्यांच्या पाया पडली, बंडीत चढाले निघाली अन् मधूनच वळली. आम्हाले वाटलं, काही विसरली. तर पोरगी सरळ विहिरीवर! नवं लुगडं सावरत, चिंधू मामा "अवं पडशीन ना!" म्हणत असताना, काठावर वाकली. बराच वेळ पाहत राह्यली, अगदी आई पाहे तशी.

"माय," ती तिथूनच ओरडली, "गोटा बुडाला!"

पंचफुला मांडवाच्या खांबाले धरून उभी होती. म्हणाली, "मंग जा आता."