सखूबाईचे तळवे

नदीत पडलेलं काहीबाही शोधून पोट भरणारी सखूबाई घाटापाशी गुडघाभर पाण्यात अनवाणी उभी होती. एक पाय गाळात हळूहळू फिरवत होती, तांदळातला खडा शोधणाऱ्या बोटांसारखा. मग ती वाकली आणि तिने चांदीचं जोडवं वर काढलं.

दहा पावलांवर मी होतो, धातू शोधायचं मशीन घेऊन. या हौसेसाठी बूट निवडायला मला आठवडा लागला होता. चप्पल गाळात रुतते, गमबुटात पाणी भरतं, म्हणून जाड तळाचे, घोट्यापर्यंतचे भारी बूट घेतले. आणि मशीन सकाळपासून त्यांच्या नाडीच्या लोखंडी कड्यांवरच ओरडत होतं.

"दादा, ते तुमच्याच पायाला वरडतंय," सखूबाई हसली.

माझा जळफळाट झाला. मशीन विकत मिळतं, बूटही मिळतात. पण असा तळवा कुठल्या दुकानात मागायचा? मी बूट काढून पाहिले. गाळ, खडे, शेवाळ, सगळं सारखंच लागलं. जन्मभर मोज्यांत वाढलेल्या माझ्या पायांना नुसत्या गुदगुल्या झाल्या.

थोड्या वेळाने ती पायरीवर टेकली. तिच्या तळव्यांवर काचेने कापल्याच्या जुन्या खुणा होत्या, एक ताजीही होती. ओशाळून मी म्हणालो, "तुम्हाला रबरी बूट आणून देऊ का?"

"नको दादा. ते घातले की मी आंधळी."

पदर खोचून ती पुन्हा पाण्यात उतरली. मला तिची कणव यायला हवी होती. पण मला त्या जखमांचाही हेवा वाटला.