मडक्यातला मामा

माझी आई पालीला भ्यायची. आफ्रिकेत, दार-एस-सलामच्या आमच्या घरात दिवा लागला की भिंतीवर पाली जमायच्या आणि आई खुर्चीवर चढून किंचाळायची. मग झाडूने पाल हाकलायचं काम माझ्याकडे. साप निघाला तर तिकडची रीत सोपी. 'न्योका, न्योका' म्हणजे 'साप, साप' असं ओरडायचं, की शेजारपाजारचे कोयते घेऊन धावत. आई तेव्हा दाराला कडी घालून आत बसलेली असायची. अशा शूर बाईबरोबर मी साठीच्या दशकातल्या एका सुट्टीत शिराळ्याला आले. बाबा तिकडे बंदरात कारकून, त्यांना रजा मिळाली नाही. माझा जन्म तिकडचाच, त्यामुळे आईला जे माहेर होतं ते माझ्यासाठी परदेश होतं.

मुंबईला बोटीतून उतरून आम्ही रेल्वेने कऱ्हाडकडे निघालो. रहिमतपूर मागे पडलं तशी आईची बोली बदलायला लागली. 'आम्ही'चं 'आमी' झालं, समोरच्या बाईशी ती 'व्हय की' म्हणत टाळी देऊन हसली. मला ते मुळीच आवडलं नाही. ही बाई परत आपल्या घरी येणार ना, अशी धाकधूक मला डब्यातच लागली.

तिचा एकुलता एक भाऊ, माझा मामा, आदल्या वर्षी तापाने गेला होता. बोटीच्या टपालाने आम्हाला कळलं तोवर इकडे दिवसही उरकले होते. आई रडली नाही. 'असं कसं होईल?' एवढंच म्हणाली आणि भाजी निवडत बसली. त्या वर्षभरात पुढेही कधी रडली नाही.

शिराळ्याला पोचलो तर मामीच्या पुढच्या सोप्यात तुळईला एक मडकं टांगलेलं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. मला वाटलं, दही असेल. मी टाचा उंचावून हात लावायला गेले आणि आतून फुस्स करून आवाज आला. मी भिंतीला जाऊन चिकटले.

"भिऊ नगंस," मामी म्हणाली. "नाग हाय. आपल्याच बांधावर गावला. पंचमीला पुजायचा आन् हुता तितं सोडायचा."

तोपर्यंत मला नागपंचमी म्हणजे आईने पाटावर गंधाने काढलेला नाग एवढंच ठाऊक होतं. इथे जिवंत नाग धरून आणायचे, दारोदारी न्यायचे आणि बायकांनी पुजायचे. त्या मडक्याखालून जाताना मी श्वास धरून, मान खाली घालून पळायचे. मामीला याची फार गंमत वाटायची. मला रडू यायचं.

पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास करतात. आईनेही धरला.

मामी हळूच म्हणाली, "वन्सं, आता कुनासाटी उपास करताय?"

आईने हनुवटीने वरचं मडकं दाखवलं. "त्यो हाय की."

मामीनेही वर पाहिलं. मग म्हणाली, "उद्या तुमालाच ओवाळायचं हाय. माज्या हातनं आता चालायचं न्हाई." तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

"व्हय," आई म्हणाली. क्षणभरसुद्धा अडखळली नाही.

मी तिला परसात गाठलं आणि पदर धरला. "आई, तू नको ना जाऊ. चावला तर?"

"भाऊ कुटं चावतो व्हय?" म्हणून ती हसली आणि पदर सोडवून निघून गेली. नागाची भीती होतीच, पण खरी घाबरले ती आईला भीती वाटत नाही हे पाहून. खुर्चीवर चढणारी माझी आई कुठे गेली? हिला चावलं तर मी बाबांना काय सांगू?

पंचमीला घरात काही चिरायचं नाही, तळायचं नाही. विळी आदल्या दिवशीच उचलून ठेवली होती आणि पुरणाची दिंडं वाफेवर शिजत होती. गल्लीतल्या मुली झोक्यावरून मला डिवचत होत्या, "आफ्रिकेत शिंव्ह असत्यात म्हनं, आन् तू नागाला भितीस?" सिंह मी जन्मात पाहिला नव्हता. पण उत्तर द्यायलाही माझं चित्त ठिकाणावर नव्हतं.

मग हलगीच्या तालावर नाग धरणारी माणसं दारात आली. त्यांच्यातल्या नागवाल्याने मडकं उतरवून सारवलेल्या अंगणात ठेवलं, फडकं सोडलं आणि नाग बाहेर येऊन उभा राहिला. मी मामीच्या पाठीमागे लपले, पण डोळे मिटता येईनात. नागवाला रिकामं मडकं हलवत त्याचं लक्ष बांधून ठेवत होता. आई त्याच्यापासून दोन हात अंतरावर पाटावर बसली. तिने लाह्या वाहिल्या, बोटांनी हळद-कुंकू उडवलं. तेवढ्यात नागाने मडक्यावर फणा आपटला.

"न्योका!" मी जीव खाऊन ओरडले. "न्योका! न्योका!"

कोयता घेऊन कोणीही आलं नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले. आईने मान वळवली नाही. आमच्या घरच्या, तिकडच्या मराठीत ती शांतपणे म्हणाली, "ओरडू नकोस. मामा आहे."

तिने निरांजन ओवाळलं. मग त्या डोलणाऱ्या फण्याकडे बघत म्हणाली, "दादा, लय लांब दिलीस मला. यायला उशीर झाला बग."

दुसऱ्या दिवशी नाग सोडायला आईही बांधावर गेली, म्हणून मीही गेले. मडकं आडवं केलं तसा तो गवतात शिरला. शेपूट दिसेनाशी होईपर्यंत आई उभी होती. "ग्येला," ती म्हणाली आणि तिथेच चिखलात बसून हंबरडा फोडून रडली. मामीने तिला पोटाशी धरलं. मला वाटलं, आता ही इथून हलत नाही.

पण सुट्टी संपली तशी आम्ही निघालो. बोटीवर ती कठड्याशी उभी राहून मागे बघत असायची आणि मी तिचा पदर सोडत नव्हते.

घरी परतलो त्याच संध्याकाळी दिवा लागला, भिंतीवर पाल आली आणि आई किंचाळत खुर्चीवर चढली. "हाकल गं, आधी हाकल तिला!"

मी झाडू घेतला. पण हाकललं नाही लगेच. थोडा वेळ तिला किंचाळू दिलं.