सरकीची वेगळी ओळ

फोन कानाला नीट लाव वं पोरी. पुण्यात आहेस म्हणून काय झालं, मोठ्या आईचं ऐकायला जवळच यावं लागतं. दिवाळीत दोन दिवस आलीस, त्यातही मांडीवर लॅपटॉप. काम काय, तर कंपन्यांचे हिशोब सरकारनं ठरवलेल्या रकान्यांत भरायचे, म्हणजे कोणतीही कंपनी दुसरीशेजारी ठेवून बघता येते. आणि वर म्हणालीस, "खालच्या टिपा कोण वाचते, मोठे आई!" तुझा बाप समोरच डाव्या हातानं भाकर मोडत होता. ट्रॉलीवरून पडून त्याचा उजवा हात अधू झाला असं तुला सांगितलंय. पडला नाही. त्याला मारलं.

तेव्हा नांदुऱ्याच्या अलीकडं आमची शेतकऱ्यांची कंपनी होती. कापसातून सरकी वेगळी काढायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या. तुझा बाप, माझा धाकटा दीर, हिशोब लिही; मी संचालक. सातवी नापास, पण आकडे वाचायला माझी मीच शिकलेली. आपल्याकडं कापूस पुरुषांचा आणि ढोरांसाठी ठेवलेली सरकी बायांची, ही रीत. म्हणून मी हट्ट धरला, सरकीचा पैसा वेगळ्या ओळीत दिसू द्या.

तुझा बाप म्हणाला, "वैनी, मंग खाली टीप लिहा लागते."

मी हसले. "सरकी काय असते हे कापूसवाल्याले लिहून सांगता काय, भाऊजी?"

टीप लिहायची राहिली.

त्या साली बीटी कापसाच्या बोंडात गुलाबी अळी निघाली. अळी शिवणार नाही म्हणून महागाचं बियाणं घेतलेलं, आणि बोंड फोडलं की आत नुसता काळा चिखल. माणसं कापसाची उभी झाडं, पऱ्हाटी, उपटून बांधावर आपटत होती. कोणाला तरी मारायचंच होतं त्यांना.

कंपनीच्या आवारातल्या सभेत भरदुपारी एकजण कॉम्प्युटरवरून काढलेले हिशोबाचे दोन कागद घेऊन आला. एक आमचा, एक शेजारच्या तालुक्यातल्या कंपनीचा. रकाने तेच, क्रम तोच. त्यानं कच्च्या मालाच्या खर्चावर बोट ठेवलं. "कापूस सारखाच घेतला ना बे? मंग आपलाच खर्च एवढा काऊन? कुठी गेला पैसा?"

त्या कंपनीनं सरकीचे पैसे खर्चातून आधीच वजा केले होते. आम्ही ते मिळकतीत मांडले होते. शेवटचा नफा जवळपास सारखाच. पण शेवटच्या ओळीपर्यंत जायला थांबलं कोण?

आधी चप्पल आली. मग खुर्ची. तुझ्या बापाचं नाक फुटून सदरा भिजला. एकानं गाठी बांधायची लोखंडी पट्टी उचलली. "सांग, असं लिहाले कोणं सांगतलं तुले?"

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "म्याच लिहिलं."

पट्टी हातावर बसली. वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. मी घुसले, कोणी माझे केस धरून मागं ओढलं, डोकं जमिनीवर आपटलं, तोंडात माती गेली. ओरडत होते, ऐकतं कोण? शेवटी सरकीची टोपली उचलली आणि पट्टीवाल्याच्या तोंडावर उलटी केली.

"हा पैसा! ह्या सरकीचा! त्याहीनं वजा केला, आम्ही वेगळा दाखवला. म्या सांगतलं होतं वेगळा दाखवाले! शेवटची ओळ वाचा बे!"

कागदवाल्यानं वाचली. पुन्हा वाचली. पट्टी खाली पडली. मग कागदवालाच म्हणाला, "मंग आधी काऊन नाही सांगतलं, काकू?"

टीप मीच हसण्यावारी नेली होती; टोपली टाकून मी तुझ्या बापाकडं धावले. तुझा बाप मातीत बसून हात पोटाशी धरून होता, आणि त्याही हालात मला म्हणाला, "वैनी, डोक्यावर पदर घ्या, रक्त आलंय."

त्याच्या उजव्या हाताची बोटं आजही मिटत नाहीत. मी संचालक होते, पोलिसांत गेले नाही. गावात राहायचं होतं. पण हेच तुला पुन्हा त्याच्यासमोर बसून सांगायचं आहे, म्हणजे पडलो-पडलो म्हणायची पाळी त्याच्यावर राहणार नाही. येत्या शनिवारची गाडी धर, नांदुऱ्याला उतर. लॅपटॉप आणलास तरी चालेल. पण लवकर ये वं माय.