शैलाची चिमूट

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचते आहे आणि प्रत्येकाच्या समासात पेन्सिलीने ‘कारण?’ असं लिहून ठेवते. एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. मुलांच्या निबंधातसुद्धा कारणाशिवाय केलेलं विधान मी चालू दिलं नाही. भूतखेत, नजर लागणं, अंगात येणं... यातलं काही मी मानलं नाही, आजही मानत नाही. तरी लिहायला बसले आहे ते माझ्या दोन नातवंडांसाठी. ईरा आणि निहार टोरांटोला असतात, मराठी वाचतात आणि हे सदर फोनवर उघडतात, हे मला माहीत आहे.

मुलांनो, गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला तो जुना कृष्णधवल सिनेमा दाखवलात. प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ, तुकडे जोडून केलेला माणूस, विजांचा कडकडाट. शास्त्रज्ञ आपणच केलेल्या त्या माणसाला घाबरून पळाला तेव्हा तुम्ही दोघं हसलात. मी त्याच्या होणाऱ्या बायकोकडे बघत होते. ती बिचारी सबंध सिनेमाभर दुसऱ्या खोलीत त्याची वाट बघत असते. मग निहारने सहज विचारलं, “आजी, तू वसूआजोबांशी का बोलत नाहीस आता?” मी विषय बदलला. आज उत्तर देते.

वसंता माझा धाकटा भाऊ. ओझरच्या विमान कारखान्यात टूलरूमला होता. निवृत्तीनंतर त्याने इंदिरानगरच्या घरातल्या गॅरेजमधली गाडी बाहेर काढली आणि आत लेथ, कॉम्प्युटर, मोटारी असं सगळं मांडलं. माझा फ्लॅट दोन गल्ल्या सोडून. त्याची बायको शैला माझी भावजय, पण त्याआधीपासूनची मैत्रीण. मीच तिला या घरात आणली असं म्हणायला हरकत नाही.

शैलाचा गोपद्मांचा नेम होता. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज सकाळी दारात तेहतीस गोपद्मं, म्हणजे गाईची पावलं, रांगोळीने काढायची. अशी पाच वर्षं. पाचवं वर्ष लागायला तीन आठवडे असताना तिला अर्धांगाचा झटका आला. पाय महिनाभरात सुधारला. बोलणं अडखळत का होईना, परत आलं. उजवा हात मात्र मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून राहिला.

नेम मोडू नये म्हणून पहिल्या दिवशी मी काढली. अकरा-अकराच्या तीन ओळी, सगळी एका मापाची. शैला पोर्चमध्ये खुर्चीवर बसून बघत होती.

“वन्सं,” ती एकेक शब्द शोधत म्हणाली, “तुमच्या गाई... शाळेत प्रार्थनेला उभ्या आहेत.”

“आणि तुझ्या?”

“माझ्या चालतात.”

ते खरं होतं. तिच्या गोपद्मांत डावं खूर उजव्यापेक्षा बोटभर पुढे असायचं आणि ओळ थोडी वळत जायची. घरात गाय नुकतीच येऊन गेली असं वाटायचं. मला ते कधीच जमलं नाही. मी दोन्ही खुरं समोरासमोरच काढणार.

आठवड्याभरात वसंता तारा लावलेला एक हातमोजा घेऊन माझ्याकडे आला.

“ताई, तुझा हात मला दे.”

“माझा? तुझा कुठे गेला?”

“चेष्टा नको. डॉक्टरांनी शैलाचे व्यायाम थांबवायला सांगितलेत. ताण नको म्हणाले. त्याऐवजी तिने रोज चालता हात बघायचा. बघून बघून मेंदूला आठवतं. तू हा मोजा घालून गोपद्मं काढायचीस. तुझ्या बोटांची हालचाल मी साठवणार आणि एक हात बनवणार. शैलाचा हात. नेमाची सांगता तोच करेल.”

बघून मेंदूला आठवतं, असं काहीतरी मीही कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळे मी कुणालाच काही विचारलं नाही. डॉक्टरांना एक फोन केला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

अडीच महिने रोज सकाळी सात वाजता मी मोजा घालून बसत होते. पांढरी रांगोळी, तेहतीस पावलं, समोर खुर्चीत शैला. गॅरेजमध्ये तो हात तयार होत होता. कोपरापासून पुढचा, ॲल्युमिनियमचा, अंगठा आणि दोनच बोटं, कारण रांगोळीला तेवढीच लागतात. शैलाकडे कामाला येणारी मंगल केर काढताना त्याला वळसा घालून जायची.

“दादा, ह्याला नखं नाय लावली का?” तिने एकदा विचारलं. “लय उघडं वाटतंय.”

वसंता खूश झाला. “बघ ताई, मंगलला तो माणूस वाटतोय.”

“मी माणूस नाय म्हनले,” मंगल म्हणाली. “उघडं म्हनले.”

गौरी बसल्या त्या दिवशी वसंता हार आणायला गेला होता. शैलाने मला जवळ बोलावलं आणि शालीखालून उजवा हात बाहेर काढला. तर्जनी हलली. मग अंगठा तिच्याकडे सरकला, थरथरत, आणि टेकला. तिने माझ्या पुढ्यातल्या वाटीतून रांगोळी उचलली. पाच-सहा कण असतील. पण चिमूट होती.

“ह्यांना सांगू नका,” ती म्हणाली. “कार्तिकीला... मी काढीन. मीच.”

मी त्या दिवशी घरी जाऊन वहीत नोंद केली. सरळ लिहिलं, ‘वसंताचं म्हणणं बरोबर निघालं.’ ते वाक्य अजून तसंच आहे. पुढचे तीन आठवडे मी दुप्पट उत्साहाने मोजा घातला. शैला शालीखाली गुपचूप सराव करायची आणि चिमूट दिवसेंदिवस घट्ट होत होती. एकदा तिने मलाच चिमटा काढला, बऱ्यापैकी लागला.

घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी सकाळी वसंताने तो हात पोर्चमध्ये आणला. साडेसात वाजले असतील, स्वच्छ ऊन होतं. शैला खुर्चीत, मी तिच्या शेजारी, मंगल दारात. त्याने कॉम्प्युटरवर माझीच साठवलेली हालचाल लावली. हात खाली वाकला, बोटांच्या फटीतून रांगोळी सुटली. पहिली ओळ हुबेहूब माझी. अकरा पावलं, एका मापाची. वसंताने माझ्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी पतंग उडाला की बघायचा.

दुसऱ्या ओळीत तिसऱ्या पावलापाशी हात थांबला. मोटारींचा आवाज चालू होता, पण हात हलत नव्हता. वसंता कॉम्प्युटरकडे वळणार इतक्यात तो पुन्हा सुरू झाला. डावं खूर बोटभर पुढे. पुढचंही तसंच. ओळ हळूहळू वळायला लागली. तिसरी ओळ संपेपर्यंत पोर्चमधून गाय चालत उंबऱ्यापर्यंत आली होती.

मंगल म्हणाली, “ही तर वैनींची.”

शैलाच्या तोंडून एक बारीक आवाज आला, हातातून भांडं निसटावं तेव्हा येतो तसा. मी वळून बघितलं तर ती तिच्या उजव्या हाताकडे बघत होती. शाल बाजूला झाली होती. बोटं उघडी पडली होती, मोकळी, सैल. ती डाव्या हाताने अंगठा धरून तर्जनीला लावत होती आणि सोडला की तो गळून पडत होता.

वसंताने ते पाहिलंच नाही. तो गुडघ्यांवर बसून गोपद्मांचे फोटो काढत होता.

तेव्हापासून ती चिमूट नाही.

मी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी वसंता बाजारात गेल्यावर शैलाला रिक्षात घालून मुंबई नाक्याजवळच्या क्लिनिकमध्ये नेलं. तिथल्या फिजिओथेरपीवाल्या मुलीने शैलाला ओळखलं.

“काकू, होतात कुठे इतके महिने?”

“तुम्हीच व्यायाम थांबवायला सांगितलेत ना?” मी म्हटलं.

तिने फाइल काढून माझ्यापुढे धरली. ‘रोज. खंड नको.’ खाली दोन रेघा. “आजी, आम्ही काकांना चार वेळा फोन केले. ते म्हणाले, घरीच चालू आहे. नुसतं बघत बसा असं मी कुणाला कशाला सांगेन?”

शैला माझ्याकडे बघत होती. तिलाही त्याने तेच सांगितलं होतं, डॉक्टरांनी थांबवलं म्हणून. म्हणजे ती चिमूट तिने कुणाच्याही मदतीशिवाय, शालीखाली, एकटीने कमावली होती.

पुन्हा स्कॅन केला. नवा झटका नाही, नवीन काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, एकदा आलेली हालचाल अशी एका क्षणात जायला काहीतरी कारण हवं आणि ते दिसत नाही. आधी खरंच आली होती का, असंही त्यांनी हळूच विचारलं. माझ्या दंडावर तिच्या चिमट्याचा डाग एव्हाना मावळला होता.

त्या संध्याकाळी मी गॅरेजमध्ये गेले. वसंता हाताला पॉलिश करत होता.

“क्लिनिकमध्ये जाऊन आले.”

त्याने फडकं खाली ठेवलं. नाकारलं नाही. “व्यायामाला ती रडायची, ताई. तिथे ती पोरगी बोटं ताणायची आणि ही ओरडायची. मला बघवेना.”

“म्हणून खोटं बोललास? तिच्याशी, माझ्याशी?”

“मी तिला हात करून देत होतो.”

“तिला हात होता, वसंता. येत होता.”

“मला कुठे माहीत होतं? मला कुणी सांगितलं?”

मला माहीत होतं आणि मीच सांगितलं नव्हतं. मग मी सरळ विचारलं, शैलाची गोपद्मं त्या यंत्राला कुणी शिकवली? तो म्हणाला, कुणीच नाही. आईची शपथ घेऊन म्हणाला. तिच्या रांगोळीचा एक फोटो घरात नव्हता, रोजची पुसली जाणारी गोष्ट, कोण फोटो काढतं? मोजा तिच्या हातात कधी चढलाच नव्हता. त्यालाही कळलेलं नाही म्हणे. त्या दिवसापासून काहीही लावलं तरी हात तिचीच गोपद्मं काढत होता.

हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला तो तेव्हा.

“मोडून टाक तो,” मी म्हटलं. “आत्ता.”

“मोडला तर तिची बोटं हलतील? लिहून देतेस?”

मला लिहून देता येणार नव्हतं. पण मी म्हटलं, मोडेपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही आणि शैला या घरात राहणार नाही. शैलाला मी विचारलं फक्त येतेस का एवढंच. ती आली. तो हात मोडायचा की नाही, हे मी तिला विचारलं नाही.

माझ्याकडे आल्यावर व्यायाम सुरू झाले. ती मुलगी एक दिवसाआड घरी येते. मनगट थोडं सुधारलं, खांदाही. अंगठा आणि तर्जनी, काही नाही. नेमासाठी मी रांगोळीचा डबा काढला तर शैला म्हणाली, “नको. आता नको.” पाचव्या वर्षी, सांगतेला महिना उरला असताना नेम थांबला.

कार्तिकीच्या आदल्या दिवशी दुपारी वसंता दारात आला. दाढी वाढलेली, हातात किराण्याची कापडी पिशवी. ती त्याने माझ्या जेवणाच्या टेबलावर रिकामी केली. स्क्रू, मोटारी, तारा, ॲल्युमिनियमची दोन बोटं आणि अंगठा. एकेक भाग सुटा.

“तू म्हणालीस तसं केलं,” तो म्हणाला. “काल. आता तरी बोल.”

मी आधी शैलाच्या हाताकडे बघितलं. मांडीवर होता तसाच होता. ती टेबलावरच्या त्या तुकड्यांकडे बघत होती.

“अहो,” ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती. “शेवटपर्यंत... माझ्यासारखीच काढत होता?”

“हो. कालसुद्धा.”

“मग कशाला मोडलात?” ती शब्द शोधत थांबली नाही, सलग बोलली. “तेवढाच उरला होता माझा हात. मला विचारायचं तरी.”

वसंताने माझ्याकडे बोट केलं नाही. एवढं एक त्याचं मान्य करते. तो तुकडे पिशवीत भरून निघून गेला. नंतर, वैनींसाठी तरी जोडा, या मंगलच्या आग्रहावरून त्याने हात पुन्हा जोडून पाहिला; तिनेच मला सांगितलं. चालतो, पण समोरासमोर खुरं काढतो. माझी.

तर निहार, मी त्याच्याशी का बोलत नाही याचं उत्तर हे असं आहे. त्याने मला फसवलं आणि माझा हात वापरून शैलाला फसवलं. बोलायला लागले तर मलाही माझ्या वाटणीचं बोलावं लागेल, आणि ते मी अजून शैलाशीसुद्धा बोललेले नाही. ती माझ्याशी नीट वागते. चहा छान झाला म्हणते. व्यायाम चुकवत नाही. पण गप्पा मारताना पूर्वी ती माझ्या तोंडाकडे बघायची, आता माझ्या हातांकडे बघते.

त्या रविवारी पोर्चमध्ये काय झालं ते मला ठाऊक नाही. ज्याला विचारायचं तो एकदा खोटं बोललेला आहे, आणि तो खरं बोलत असेल तर त्यालाही ठाऊक नाही. मी हे सगळं स्वच्छ अक्षरात लिहून काढलं, शेवटी समासात माझा नेहमीचा शब्द लिहिला, आणि पुढची ओळ कोरी सोडली आहे.