गोझोला शुभदा पोटभर जेवली

दीड महिना होत आला. सकाळी स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते, तेव्हा ऋचाचा फोन आला. "मावशी, आई गेली." एवढंच म्हणाली. शुभदा जाणार हे आम्हाला काही महिने ठाऊक होतं... तरी खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही, भीती वाटली. तिच्या मुलीपासून आम्ही दोघींनी एक गोष्ट लपवली होती, आणि आता ती सांगायला मी एकटीच उरले होते.

शुभदा नागपूरची, मी पुण्याची. नेपरव्हिलला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात, शिकागोला जाणाऱ्या ट्रेनमध्ये समोरच्या बाईने डबा उघडला आणि वडाभाताचा वास सुटला. माझी नजर बघून तिने झाकणात थोडा काढून दिला. "तिखट आहे हं," म्हणाली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती मनापासून हसली. तिथून आमची मैत्री सुरू झाली ती वीस-बावीस वर्षं टिकली. तिचे यजमान गेले, ऋचा नोकरीसाठी कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला गेली, तरी शनिवारची सकाळ आमची दोघींची असायची. मंडळाच्या गणपतीत शंभर माणसांची भाजी ती अंदाजाने करायची, आणि चमच्याने मीठ मोजणाऱ्यांना दुरूनच हात जोडायची.

अशा बाईला घशाचा कॅन्सर झाला. रेडिएशनने गाठ गेली, पण चवही गेली. "कागद चावतेय असं वाटतं गं," म्हणायची. तोंडाला कोरड, घास उतरेना. बाटलीतलं प्रोटीन पिऊन दिवस काढायची. तरी मी गेले की काहीतरी शिजवायचीच आणि चमचा माझ्यापुढे धरायची, "मीठ बघ." आठ-दहा महिने हे चाललं. डॉक्टर म्हणत, येईल हळूहळू. पुढे पुढे तिने त्यांना विचारणंच सोडलं.

रेडिएशनच्या खोलीत छताला एक फोटो होता. निळं पाणी, पिवळसर दगडाची घरं. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवलेल्या मास्कच्या जाळीतून रोज तेवढंच दिसायचं. उपचाराच्या शेवटच्या दिवशी तिने तिथल्या मुलीला विचारून घेतलं, हे आहे तरी कुठे? गोझो. माल्टाजवळचं एक इवलंसं बेट. "नीला, मला तिथे जायचंय," एका शनिवारी ती म्हणाली. तिकिटं मिळाली ती नेमकी तिच्या तपासणीच्या स्कॅनच्या आठवड्यातली, कॅन्सर परत आला नाही ना हे बघायचा स्कॅन. तिने स्कॅन तीन आठवडे पुढे ढकलला आणि मला म्हणाली, "ऋचाला बोलायचं नाही." ऋचाचा जाण्यालाच विरोध होता. "मावशी, शी इज नॉट स्ट्राँग इनफ. तू तरी तिला समजाव." मी हो-हो केलं आणि बॅग भरली.

बेटावर रीटा नावाच्या सत्तरीतल्या बाईंच्या घरी आम्ही उतरलो. पहिल्या सकाळी त्यांनी न विचारताच पाव कापला, त्यावर टोमॅटो चोळला, वर ऑलिव्हचं तेल ओतलं आणि केपर नावाच्या खारवलेल्या कळ्या टाकल्या. शुभदाने बाटली पर्समधून काढली होती, पण बाई समोर उभ्या, म्हणून भिडेखातर एक तुकडा तोडला. चावता चावता थांबली.

"नीला, आंबट आहे गं."

"टोमॅटो आहे तो. आंबट असणारच," मी म्हटलं. आणि मग माझ्या लक्षात आलं... ती रडत होती आणि खात होती. रीटाबाईंना वाटलं काहीतरी बिघडलं. शुभदाने ताटली पुढे करून अजून मागितलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढचे पाच दिवस ती जेवली. मिरे लावलेलं मेंढीच्या दुधाचं चीज, भाजलेला मासा, अंजिरं. घास अजून पाण्याबरोबरच उतरायचा, चव कधी यायची, कधी दडायची. पण चौथ्या दिवशी रीटाबाईंच्या ओट्याशी उभं राहून तिने बटाट्याचा रस्सा केला, स्वतः चाखला, चिमूटभर मीठ टाकलं आणि गॅस बंद केला. मला विचारलं नाही.

परत आल्यावर स्कॅन झाला. कॅन्सर फुप्फुसात पसरला होता. त्यानंतर ती पाच महिने जगली.

मागच्या शनिवारी ऋचा घर आवरायला आली होती. मी गेले आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं. "ऋचा, स्कॅन आधी होता. आम्ही पुढे ढकलला. तुझ्यापासून लपवलं."

ती खोक्याला टेप लावत होती. "आय नो, मावशी. हॉस्पिटलचा मेसेज मला पण येतो ना." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी डॉक्टरांना विचारलं. तीन आठवड्यांनी काहीच बदललं नसतं. आधी खूप राग आला होता, यार. मग तिने तिथून फोन केला आणि अर्धा तास फक्त टोमॅटोबद्दल बोलली... कशी रागावणार?"

मी खुर्चीत बसले. किती महिन्यांनी मोकळा श्वास घेतला असेल. ऋचाने टेप बाजूला ठेवली, ओट्यावरची खोकी सरकवून दोघींपुरता चहा केला आणि समोर येऊन बसली.

"आता सगळं सांग. काय काय खाल्लं तिने? डे वनपासून."

बाहेर बर्फ पडायला लागला होता. दुपारचे दोन वाजले तरी आम्ही शुभदाच्या स्वयंपाकघरातच बसून होतो, आणि माझं अजून दुसऱ्या दिवसाचं जेवणच सांगून झालं नव्हतं.